हिंदुरावाचा येशू

मार्केट यार्डात भुसार मालाची हमाली करणाऱ्या हिंदुरावाचं एक होतं, जे करायचा ते पुरतं करायचा. पोती वाहायचा तर दोन माणसांचं काम एकटा उरकायचा, आणि प्यायचा तर घरचा रस्ता विसरेपर्यंत. बायको त्यापायीच माहेरी गेली ती परतली नाही. घरात उरली म्हातारी आई, सुंदराबाई.

अडतिसाव्या वर्षी एका सोबत्याने त्याला हडपसरकडच्या एका प्रार्थनासभेला नेलं. तिथे गाणी होती, रडणं होतं, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करणारी माणसं होती. महिन्याभरात त्याची बाटली सुटली. सुंदराबाईने वस्तीत साखर वाटली. "येशूनं केलं का आणि कुणी केलं, माझं पोरगं माणसात आलं," असं ती ज्याला त्याला सांगे. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तिने नवा सदरा शिवून दिला.

पण सभा चालवणारे ब्रदर सांगू लागले, की ज्या घरात मूर्ती त्या घरात सैतानाचं ठाणं. हिंदुरावाने हेही पुरतंच केलं. आई रेशनच्या रांगेत गेली असताना त्याने देव्हाऱ्यातले खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक फडक्यात बांधले आणि कालव्यात सोडून दिले. लग्नानंतर जेजुरीला जाऊन त्याच्या बापाने घेतलेले ते टाक होते. सुंदराबाई परतली, रिकामा देव्हारा पाहिला. ओरडली नाही.

"कुटं टाकलंस, तेवढं सांग," म्हणाली.

त्याने मान ताठ ठेवून सांगितलं. ती कालव्याच्या काठावर जाऊन दिवस मावळेपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी उचलून खराडीला नातीकडे राहायला गेली. ही शेफाली, हिंदुरावाच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. तिकडे एका कंपनीत कामाला होती.

दोन वर्षांनी सुंदराबाईच्या छातीत पाणी झालं आणि तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं. हिंदुराव रोज जाई. फळं नेई आणि खाटेशी बसून तिला बजावी, की येशूचं नाव घे, नाहीतर नरकात जळशील. तिला धड श्वास घेता येत नव्हता. ती भिंतीकडे तोंड फिरवून पडून राही.

वॉर्डात रूथ साळवे नावाच्या सिस्टर होत्या, आजा-पणजापासून ख्रिस्ती. एक दिवस हिंदुरावाला आईच्या उशीखाली खंडोबाचं छापील चित्र दिसलं आणि ते सिस्टरनीच आणून दिल्याचं कळलं. तो भर वॉर्डात त्यांच्यावर उखडला. तुम्ही ख्रिस्ती म्हणवता आणि हे करता? सिस्टर त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"आजींनी मागितलं, मी दिलं. त्यांना मरणाची भीती वाटते हो. घाबरलेल्या म्हातारीला आणखी घाबरवायला येशूने मला इथे ठेवलेलं नाही."

ही नावापुरती ख्रिस्ती, असं मनाशी ठरवून तो निघून गेला.

त्यानंतर पाचव्या दिवशी सुंदराबाई गेली. ब्रदरनी फोनवर ताकीद दिली, की तिरडीला आणि अग्नीला हात लावायचा नाही. हिंदुराव वैकुंठ स्मशानभूमीच्या फाटकाशी हात मागे बांधून उभा राहिला. खांदा द्यायला एक माणूस कमी पडत होता. त्याच्याबरोबर वीस वर्षं पोती वाहिलेले दादामियाँ पुढे झाले आणि त्यांनी सुंदराबाईला खांदा दिला. अग्नी शेफालीने दिला. परतताना दादामियाँनी हिंदुरावाकडे एकदा पाहिलं आणि ते पुढे गेले.

रविवारी ब्रदरनी त्याला मंचावर उभं केलं. या माणसाने प्रभूसाठी आईची चितासुद्धा नाकारली, असं सांगितलं. शंभर-सव्वाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपली आई मेली आणि लोक टाळ्या वाजवताहेत, एवढंच हिंदुरावाला कळलं. तो मंचावरून उतरला आणि सरळ बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो रूथ सिस्टरांकडे गेला. आई शेवटी काय बोलली, एवढंच त्याला हवं होतं. सिस्टर आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या देवाला नमस्कार कसा करतात, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही करता तसाच करा. हात जोडून म्हणाल्या, माझ्या लेकाची दारू सोडवलीस, तुझे लई उपकार हायेत. आता त्याचा राग तेवढा काढून घे."

हिंदुराव दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. सिस्टरनी त्याला उगी केलं नाही. रडणं ओसरल्यावर त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, की खिळलेल्या हातांनी मरत असतानाही येशूने खाली उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, आणि तिला सांभाळायला आपल्या शिष्याच्या हवाली केलं. हिंदुरावाने हे सभेत कितीदा ऐकलं होतं. पण तिथे कुणी या जागी थांबलं नव्हतं.

सभा त्याने सोडली. कित्येक महिने त्याला प्रार्थना करता येईना. मग तो सिस्टरांच्या कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती देवळात मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांना त्याने एकदा सगळं सांगितलं, की मी प्रभूचं नाव घेतलं आणि आईला तुडवलं. पाळक बराच वेळ त्याचा हात धरून बसले. आपल्याला क्षमा आहे, हे हिंदुरावाला हळूहळू, फार हळू पटत गेलं. जे मोडलं ते त्या क्षमेने जुळलं नाही, हेही कळत गेलं.

दादामियाँचे तो पाय धरायला गेला. त्यांनी धरू दिले नाहीत.

"माझ्याकडे काय मागतोस? तिच्याकडे मागायचं होतंस," म्हणाले. पण दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

आता रविवारी देवळातून तो त्याच वॉर्डात जातो. ज्या म्हाताऱ्यांचं कुणी येत नाही त्यांना भरवतो, नखं कापतो, चादरी बदलतो. कुणी विचारलंच तर येशूविषयी बोलतो. नाही विचारलं तर बोलत नाही.

सुंदराबाईच्या वर्षश्राद्धाला तो न बोलावता खराडीला गेला. विधी चालू असताना दाराबाहेर बसून राहिला, आणि जेवणं झाल्यावर मागच्या मोरीत भांडी घासायला बसला. शेफाली खरकट्या ताटांची चवड घेऊन आली. वर्षभरात ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"मामा, फार उशीर केलात," म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

तिने ताटं त्याच्याजवळ ठेवली आणि ती आत गेली. हिंदुरावाने वरचं ताट ओढून घेतलं.