हिरवी ढाबळ

स्कॉटलंडमधल्या शॉट्स गावातला आमचा शेजारी बर्ट हॅडो हा एरवी गायीहून गरीब माणूस. पण फुटबॉलचं नाव काढलं की त्याच्या अंगात यायचं. बर्ट प्रोटेस्टंटांच्या रेंजर्स संघाचा, म्हणजे निळा. त्याची थोरली बहीण नेटा, हिनं मात्र लग्न केलं कॅथलिकांच्या सेल्टिक संघाच्या फ्रॅन्सी गॉर्मलीशी, म्हणजे पक्क्या हिरव्याशी. दोघांच्या परसांमध्ये एकच कुंपण. बर्टनं लग्न केलं नाही. त्यानं शर्यतीची कबुतरं पाळली आणि त्यांच्यासाठी पांढरीशुभ्र ढाबळ बांधली.

त्या वर्षी दोन्ही संघ लीगच्या शेवटच्या रविवारपर्यंत एकमेकांना खेटून होते. मेव्हण्यामेव्हण्यांची पैज लागली. हिरवे लीग जिंकले तर बर्टनं ढाबळ हिरवी रंगवायची, निळे जिंकले तर फ्रॅन्सीनं आपलं पुढचं दार निळं करायचं.

रविवार उजाडला तेव्हा हिरवे गुणांत पुढे होते. मदरवेल गावी तिथल्या संघाशी सेल्टिकचा शेवटचा सामना होता, तो बघायला फ्रॅन्सी गेला; निळे दुसरीकडे खेळत होते. बर्टचा धीर सुटला.

"दाजी परत आले की कुंपणावर कोपर टेकून बघत बसतील," तो मला म्हणाला. "त्यापेक्षा आत्ताच रंगवून मोकळा होतो. रेडिओचं तोंडही बघणार नाही."

कबुतरं उडायला सोडून त्यानं रंगाचा डबा उघडला. जरा वेळानं नेटा खिडकीतून ओरडली, "सेल्टिकनं गोल केला रे!"

"ताई, जखमेवर मीठ चोळू नकोस," म्हणत बर्टनं दुसरी भिंत घेतली.

शेवटची फळी रंगवत असताना नेटा पुन्हा ओरडली. आता तिचा आवाज चिरकला होता. "बर्ट! मदरवेलनं दोन घातले! अगदी शेवटी! अन् तिकडे रेंजर्स जिंकले! चषक घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर वळलं म्हणे, तुमच्या संघाकडे चाललंय!"

बर्टच्या हातातून कुंचला गळला. त्यानं आधी नाच केला. मग ढाबळीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

खरी पंचाईत पुढेच होती. कबुतरं घरी आली, दोन घिरट्या घातल्या, आणि हिरवी ढाबळ बघून फ्रॅन्सीच्या छपरावर जाऊन बसली. बर्टनं दाण्यांचा डबा खुळखुळवला, शिट्ट्या मारल्या. एक हलेल तर शपथ.

तेवढ्यात फ्रॅन्सी आला, प्रेतयात्रेतून आल्यासारखा. त्यानं ढाबळ पाहिली, छप्पर पाहिलं.

"काय दाजी," बर्ट म्हणाला, "कबुतरांनासुद्धा तुमचा रंग सोसवत नाही!"

"तरी बसलीत कुणाच्या घरावर?" फ्रॅन्सी म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच हसला असावा.

मग छपरावरून फ्रॅन्सीच्या टोपीवर काहीतरी पडलं, आणि नेटाचा संयम सुटला.

"दोघंही चुलीत जा! पांढऱ्या रंगाचा डबा आणा आणि मुकाट्यानं ढाबळ पुन्हा पांढरी करा. माझ्या दाराला हात लावाल तर आज जेवण नाही."

दोघं शेजारी शेजारी उभे राहून रंगवायला लागले. पंच आंधळा होता यावर त्यांचं एकमत झालं, मात्र कोणत्या सामन्यातला यावरून पुन्हा जुंपली. रंग वाळला तशी कबुतरं एकेक करून उतरली. एक जाडी मादी तेवढी आली नाही. ती फ्रॅन्सीच्या धुराड्यापाशीच राहिली, आणि फ्रॅन्सी तिला गुपचूप पाव घालायला लागला.

"दाजी, फितवलीत माझी पोरगी," बर्ट म्हणायचा.

"धर्मांतर केलंय तिनं," फ्रॅन्सी सांगायचा, "स्वखुशीनं."