घराचं कन्नड आत्याकडं होतं

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यापर्यंत थांबले तर मी शहाणी होईन, चार शब्द गोड करीन आणि खरं ते राहून जाईल. माझी कमळआत्या जाऊन पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल सगळे एकच शब्द बोलायलेत, त्याग, त्याग, त्याग... आणि तिची रिकामी जागा भरायला घरच्यांनी कुणाला धरलंय, तर मला! म्हणून ही घाई. टाइप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कर्नाटकात, मुडबीच्या बाजूला. घरात बोलणं मराठी, शाळा मराठी, भांडणं मराठी, पण सरकारचा कागद येतो तो कन्नडात. म्हणून आमच्या आज्यानं, अप्पानं, ठरवलं की सगळी लेकरं मराठी शाळेत घालायची आणि एक कन्नड शाळेत. घराला एक वाचणारं पाहिजे. ते एक म्हणजे आत्या. सहा वर्षांची होती, मैत्रिणींसंगं मराठी शाळेच्या रांगेत उभी होती, तिथून तिला उचललं आणि दुसऱ्या शाळेत नेऊन बसवलं. पहिल्या वर्षी दोनदा तिची चड्डी बसल्या जागी ओली झाली, कारण बाहेर जाऊ का हे कन्नडात कसं इचारायचं तेच ठाव नव्हतं. ही गोष्ट ती हसून सांगायची. आम्ही बी हसायचो...

माझी तिची शेवटची भेट बिदरच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या दिवशी. नर्सनं पप्पाच्या हातात एक कागद दिला, कन्नडात काहीतरी भराभरा बोलली आणि गेली. पप्पा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि सवयीनं तो स्ट्रेचरवर पडलेल्या आत्यापुढंच धरला. "अक्का, काय लिवलंय गं ह्यात?" आत्यानं चष्मा मागितला. तिच्या नाकावर तो मी ठेवला. मीच! आणि ती पडल्या पडल्या वाचायली, एक ओळ कन्नड, मग तिचं मराठी. "ऑपरेशनमधी पेशंट दगावली तर दवाखाना जिम्मेदार न्हाई. हे सगळं मला माझ्या भाषेत समजावून सांगितलंय." इथं थांबली. पप्पाकडं बघितलं. "सांगितलंय न्हवं समजावून?" पप्पानं मान हलवली. "मग कर सही. तिथं न्हाई रे येड्या, ती साक्षीदाराची जागा हाय. खाली कर." चार दिवसांनी ती गेली. तिनं वाचलेला शेवटचा कागद तोच.

आत्या काय देवमाणूस न्हवती बरं का. लई खवट. जमिनीच्या केसची नोटीस आली की पप्पा ती घेऊन तिच्या खाटेपाशी उभा राहायचा आणि ही मुद्दाम आरामात च्या प्यायची. "वाच की गं अक्का." "वाचते की. आधी तुझ्या बायकोला सांग, च्यात साखर घालत जा म्हणावं." शेजारच्यांचे कागद बी तीच वाचायची, त्यामुळं गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळं तिला ठाव, आणि भांडणात ते बरोबर बाहेर काढायची. तिला स्थळं यायची तवा अप्पा म्हणायचा, "केस मिटू दे, मग बघू." केस मिटली तवा आत्याचे केस पांढरे झाले होते. मी दहा वर्षांची असताना तिच्याकडं कन्नड शिकायला पाटी घेऊन गेले, तर तिनं माझ्या बोटांवर पट्टी मारली. सणकून. "कामून शिकायचंय तुला? जा, मराठी वाच." मला वाटलं, जळायलीय. आपला मान दुसऱ्याला जाईल म्हणून जळायलीय!

मग मी कलबुर्गीला कॉलेजला आले, मराठी साहित्य घेतलं, आणि 'साहित्यातला त्याग' ह्या विषयावर माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. इतकी नाचत घरी गेले म्हणून सांगू! आत्याला बसवून सगळा वाचून दाखवला. पाखरासाठी आपलं मांस कापून देणारा राजा, भावासाठी शाळा सोडणारी बहीण, शेवटच्या पानावर तिच्या पाया पडणारा साहेब झालेला भाऊ. त्यातच आमच्या पणजोबाची गोष्ट घातली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यानं मरीआईपुढं बांधलेलं बकरं सोडून दिलं, तवापासून आमच्यात बळी देत न्हाईत. घरात ही गोष्ट दरवर्षी सांगतेत, छाती फुगवून. आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकायली होती.

"त्यो राजा," ती म्हणाली, "सुरी कुणाच्या हातात होती?"

"त्याच्याच की."

"मग त्यो त्याग. बकऱ्याला कुणी त्यागी म्हणतंय का? त्याला हार घालतेत, कुंकू लावतेत, चांगलं खायला देतेत... इचारत न्हाईत." टरफलं झटकली. "तुझ्या पणजोबानं बकरं सोडलं. त्याच्याच पोरानं मला बांधलं."

त्या दिवशी तिनं मला एका पत्राचं सांगितलं. तिचा नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता, कलबुर्गीलाच. पत्र आलं तवा ती शेतात. अप्पानं ते पोस्टमनकडून वाचून घेतलं, ही गेली तर केसचे कागद कोण वाचील म्हणून लपवून ठेवलं आणि गप बसला. पण लपवणाऱ्यालाच वाचता येईना! वर्षभरानं वकिलाकडं जायच्या आदल्या दिवशी अप्पानं कागदांचा गठ्ठा तिच्यापुढं टाकला, "लाव नीट." त्यात ते पत्र. आपण काय देऊन बसलो ते त्याला कळलंच न्हाई. आत्यानं वाचलं. तारीख कवाच निघून गेलेली. अप्पा इचारायला, "ते कशाचं हाय?" तर म्हणाली, "जुनं हाय. कामाचं न्हाई." आणि पुढची नोटीस वाचायला घेतली.

मी रडायले तर माझ्यावरच खेकसली. "तुला कामून रडू यायलंय? तुझ्या निबंधात छान बसतंय की."

...आणि मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचा कन्नड फॉर्म तिच्याचकडून भरून घेतला.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लई माणसं आली. पप्पा माईकवर रडला. "अक्कानं घरासाठी आयुष्य वाहिलं, तिच्या त्यागाला तोड न्हाई." खोटं रडला न्हाई, ते सांगते. त्याला खरंच तसं वाटतंय, आणि भीती त्याचीच वाटती. मग मला बोलायला लावलं. खरं बोलायचं ठरवून उठले, आणि बक्षीस मिळालेल्या निबंधातला शेवटचा परिच्छेद म्हणून दाखवला, पाठ होता तसाच. बायका डोळे पुसायल्या. आईनं पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आता घरचे कागद तूच बघ गं. कलबुर्गीत राहून जरा कन्नड शिकून घे, मग ये कायमची."

त्यांना ठाव न्हाई, मला कन्नड येतंय. हॉस्टेलच्या रूममेटनं शिकवलं, दोन वर्षं झाली. सरळ वाचते. आत्याला तेवढं सांगितलं होतं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "तोंड बंद ठेव."

आज सकाळी पप्पानं एका कागदाचा फोटो पाठवला. मृत्यूची नोंद करायला पंचायतीत जो अर्ज भरला, त्याची झेरॉक्स. खाली मेसेज, "सगळं बरोबर लिवलंय का बघ. अजून बदलता येतंय म्हणलेत. वाचता येतंय का तुला?"

वाचलं. नाव बरोबर. बापाचं नाव बरोबर. वय बरोबर. काय काम करत होती, त्या रकान्यात कन्नडात एकच शब्द. इल्ला. म्हणजे न्हाई, काहीच न्हाई. क्लार्कनं इचारलं असेल आणि पप्पानं मान हलवली असेल, जशी दवाखान्यात हलवली तशीच. पन्नास वर्षं अख्ख्या गल्लीचे कागद वाचणाऱ्या बाईच्या शेवटच्या कागदावर, काम... न्हाई.

सांगितलं तर ते बदलतंय. पण सांगायचं म्हणजे मला वाचता येतंय हे कळलं, आणि कळलं की संपलं, मग तो गठ्ठा माझ्यापुढं.

अर्धा तास फोन हातात धरून बसले. मग लिवलं, "पप्पा, मला कन्नड येत न्हाई." पाठवलं. लगेच उत्तर आलं, "बरं, राहू दे मग. तसंच ठेवतो."

मी सुटले. तिच्या नावापुढं ते 'न्हाई' तसंच राहिलं, ते बी माझ्यामुळं. ह्याला आता काय म्हणायचं ते कुठल्याच पुस्तकात सापडंना. तुमच्यात झालंय का असं? ज्याला सगळे त्यागी म्हणतेत असं कुणी तुमच्या घरात हाय का? त्याला कुणी इचारलं होतं का... आणि त्याच्या जिवावर जे सुटलं, ते तुम्हीच तर न्हाईत ना?