चौसष्ट आकड्यांची किल्ली

आईचा फोन पाण्याच्या पिंपात पडला तो बंदच झाला. मी बॅकअपमधले मेसेज नव्या फोनवर उतरवायला बसले, तर त्याने चौसष्ट आकड्यांची किल्ली मागितली. त्या मेसेजमध्ये गेल्या वर्षी गेलेल्या मावशीचा आवाज होता. रोज सकाळी ती आईला काहीबाही बोलून पाठवायची.

"किल्ली कुठे लिहून ठेवलीस?" मी विचारलं.

"लिहिली नाही. फोटो काढून ठेवलाय."

"कुठे?"

आईने तांदळाच्या डब्यात सुकत ठेवलेल्या त्याच फोनकडे बोट दाखवलं.

माझं डोकंच फिरलं. चोराला अडवणारं हे कुलूप आईलाही तितक्याच इमानाने अडवत होतं. मावशी तिची सख्खी बहीण होती, हे त्याला कोण सांगणार? आणि ज्यांनी ते बनवलं, त्यांच्याकडेही किल्ली नसते म्हणे. मग चिडायचं तरी कुणावर?

शेवटी आईवरच ओरडले, "अगं, निदान मला तरी एक कॉपी पाठवायचीस!"

ती हळूच म्हणाली, "तूच बजावलं होतंस ना, कुणालाही दाखवायची नाही म्हणून. मी तुलासुद्धा दाखवली नाही."