खडपातला गोबरा

जुन्नरला आमच्या शेजारी हातकागद करणारं मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातल्या सुनेला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ओले कागद भिंतीला चिकटवून वाळवायचं काम तिच्याकडे होतं. ती समुद्रकाठची, लग्न होऊन घाटावर आलेली. आम्ही जैन, मारवाडातून आलेले कापडवाले. मी आठ-नऊ वर्षांची असेन.

एकदा कोकणातून नाणेघाट चढून खालाचा भाऊ आला. त्यानं खारवलेला एक मासा आणला होता. केवढं थोरलं डोकं आणि आ वासलेलं तोंड! मला रडूच फुटलं.

खालानं तो लगेच झाकला नि मला जवळ बसवलं. "मेलेला कशाला बघतेस? जिता कसा असतो ते ऐक. हा गोबरा. समुद्रातल्या खडकांना आमी खडप म्हणतो. तिथं याची कपार ठरलेली. तिच्या तोंडाशी गप बसतो. अंगाचा रंग खडकासारखा करतो. बारका मासा जवळ आला की एका घोटात आत!"

"एकटाच राहतो?"

"एकटाच. आणि गंमत सांगू? लहान गोबऱ्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, सापडतात. थोराडांच्या कधीच न्हाई. माझा बाप म्हणायचा, हा आधी बाई असतो, मग बाप्या होतो."

मी धावत घरी जाऊन हे सगळं आईला सांगितलं. मासा पाहिला म्हणून तिनं मला आधी आंघोळ घातली, मग शेजारी जायची बंदी केली. चार दिवस मी ओट्यावर फुगून बसले.

पाचव्या दिवशी दुपारी पाहते तो आई कुंपणाशी उभी. खालाला विचारत होती, "तो मासा कपार सोडून जातो का कधी?"

"मनानं न्हाई जात. कुणी हुसकला तरी फिरून तिथंच येतो."

आई हळूच म्हणाली, "माझं माहेर वाळवंटात. बारा वर्षं झाली, गेले नाही."

"मलाबी नऊ झाली," खाला म्हणाली.

त्या दिवशी दोघी ऊन कलेपर्यंत बोलत राहिल्या. बंदीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढे रोज दुपारी त्यांची बैठक असे. एकीची वाळू, दुसरीची भरती-ओहोटी. मधे बसून मी दोन्ही ऐकायची.

काही वर्षांनी गिरणीचा कागद आला नि त्यांचं काम बसलं. ते लोक कोकणात निघून गेले. आईनं वाटेसाठी मेथीच्या पुऱ्या बांधून दिल्या. महिनाभर दुपार झाली की ती कुंपणाशी जाई. नुसती बसून असे.