चौदावरची रेघ

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीतल्या नळाखाली बोट धरत. थेंब लागला की पाना मागत. नवीन पनवेलला आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा निवला, पण नळ गळायचा थांबला. आई म्हणाली, "तुझे गाईड शास्त्रज्ञ आहेत की प्लंबर?"

त्यांचे वडील खाडीकाठी भात पिकवत. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं की भरतीचं खारं पाणी शिरून शेत जायचं. सर ती भोकं बुजवतच वाढले आणि तोच स्वभाव घेऊन प्रयोगशाळेत आले. तिथं आम्ही पोलादी भांड्यातली हवा काढून किंचित वायू सोडायचो आणि त्यावर लेसरचा प्रखर झोत मारायचो. झोतात रेणूंचे इलेक्ट्रॉन निसटतात, बरेच रेणू फुटतात. काय उरलं ते पडद्यावरच्या रेघांवरून कळतं; वजनाला गमावलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येनं भागलं की जो आकडा येतो, त्यावर रेघ उमटते. अनपेक्षित रेघ दिसली की सर म्हणत, "आधी गळती शोध. विज्ञान नंतर."

कार्बन मोनॉक्साइडवर काम करताना मला चौदा या आकड्यावर बारीक, टोकदार रेघ दिसली. या रेणूचं वजन अठ्ठावीस. दोन इलेक्ट्रॉन गमावूनही तो न फुटता टिकला, तर निम्म्यावर, म्हणजे चौदावर दिसणार. पण हवेतला नायट्रोजन फुटला तर त्याचा चौदा वजनाचा अणूही तिथंच येतो.

"बाहेरची हवा शिरतेय," सर म्हणाले.

"पण सर, हवा असती तर बत्तीसवर ऑक्सिजन दिसला असता. तिथं काहीच नाही."

"बारीक गळती असेल. शोध."

वर्षभर मी बोल्ट आवळत आणि जोडांवर स्पिरिट शिंपडत बसले. गळती काही सापडली नाही. तेवढ्यात परदेशातल्या कुणीतरी तोच टिकलेला रेणू दाखवून लेख छापला. सर तो लेख घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि तो माझ्यापुढे ठेवून उभेच राहिले.

पुढे प्रत्येक व्याख्यानात ते सांगत, "हे माझ्या विद्यार्थिनीनं आधी पाहिलं होतं. मी तिला बोल्ट आवळायला बसवलं." मला खुर्चीत लपावंसं वाटे. दरवर्षी ते घरी जिताडा आणून देत. आम्ही मासे खात नाही हे सांगायचा धीर आईला कधी झाला नाही. शेजारी मात्र खूश होते.

मी त्यांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्यांच्याच मोरीतला नळ ठिबकत होता.

"तुझं वर्ष मी खाल्लं," ते म्हणाले.

मला ते ऐकवेना. वाटेत ठरवून आले होते ते बोलून टाकलं. "सर, गळती होती. तुम्ही निवृत्त झाल्यावर सापडली मला. झडपेमागच्या जोडात."

त्यांचा चेहरा सैलावला. मग त्यांनी हळूच विचारलं, "बत्तीसवर ऑक्सिजनची रेघ आली होती?"

मी मोरीतल्या नळाकडे बघत राहिले.

"नाय ना?" ते हसले. डोळे भरले होते. गावची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. "माझ्यासाठी तुजी रेघ पुसू नको, पोरी. ती खरी हाय."

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर ते निश्चिंत गेले असते. पण न दिसलेली रेघ दिसली म्हणायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ती बोच अजून जात नाही.