मिलिंदचं नाव पत्रिकेत बसेना

मंडळी, या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण आतापर्यंत बहुतेकांवर मनातल्या मनात फुलीच मारत आलो आहे. त्याला कारण आहे. आमच्या आजोबांनी छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर घरातले देव आणि टाक नदीत सोडून दिले. दृष्ट काढणं, कौल लावणं, अंगात येणं – आमच्या घरात बंद. आई शाळेत गेलेली नाही, पण "असलं मानायचं नाही" हे आम्हाला तिनेच शिकवलं. तेव्हा पुढचं लिहिताना मला थोडं ओशाळल्यासारखंच होतंय...

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, एका चाळीत, दोन खोल्यांत राहायचो. आई, मी आणि धाकटी बहीण सुजाता. वडील केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. मी शाळेत असतानाच कंपनीतल्या अपघातात ते गेले. त्यानंतर आईने उल्हासनगरच्या पापडाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं आणि मला बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तिचे हे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

नोकरी लागल्यावर मी उल्हासनगरहून एक असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेतला. रविवारी घरीच डीटीपीची कामं करायचो – लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, क्लासच्या जाहिराती. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची आणि उल्हासनगरला स्क्रीन प्रिंटिंगला द्यायची. लोकांच्या कितीतरी पत्रिका त्या मशीनवर झाल्या, कधी तक्रार नाही.

मग सुजाताचं ठरलं. मुलगा जवळच्याच सोनिवली गावचा, मिलिंद. शांत, निर्व्यसनी. एकच गोष्ट आईला खुपत होती – तोही केमिकल कंपनीत, दिवसपाळी-रात्रपाळीवर. पण सुजाताला तो आवडला होता, म्हणून आई गप्प बसली.

रविवारी सकाळी मी पत्रिका करायला बसलो. वर बुद्धाचं चित्र, खाली 'मंगल परिणय', सुजाताचं नाव. तिच्या नावाशेजारी 'मिलिंद' टाईप केलं आणि स्क्रीनवर चौकट आली – व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, काही प्रोग्रॅम बंद करा. माउस जागच्या जागी थिजला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओट्यावर जागा संपली की आपण परात खाली जमिनीवर ठेवतो ना, तसं कॉम्प्युटरची मेमरी पुरली नाही की तो हार्ड डिस्कचा एक भाग वापरतो. तोही भरला की हा मेसेज येतो. साधी गोष्ट आहे. मी रीस्टार्ट केलं, पुन्हा नाव टाईप केलं. पुन्हा तेच.

मग मी पद्धतशीर मागे लागलो. टेंपररी फाइल्स उडवल्या. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बंद केले. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरीचा आकार स्वतः वाढवून दिला. डिस्क आवरून घेणारं डीफ्रॅग लावलं, फाँट बदलला. मोठी चित्रं मेमरी खातात म्हणून वरचं चित्रही काढलं.

आई पाठीमागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "बुद्धाला काढलंस? आणि नाव तरी बसलं का?"

नव्हतं बसलं.

मी तिथे 'अरविंद' टाकून पाहिलं – बसलं. 'गोविंद' – बसलं. कोऱ्या फाइलमध्ये एकटं 'मिलिंद' लिहिलं – तेही बसलं. मी नवी पत्रिका पहिल्यापासून केली, सुजाताच्या नावाशेजारी मिलिंद लिहिलं... आणि चौकट हजर!

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून सीपीयू चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने ज्याच्याकडून घेतला त्या लच्छूशेठच्या दुकानात नेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसला. "क्या मास्टर, दामाद पसंत नहीं आया मशीन को? बदल दो!" माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, "अरे, मशीन बोल रहा हूँ, दामाद नहीं."

त्याने रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून पुसून लावली, आणखी एक जोडली. मी तिथेच फाइल उघडली. सुजाता, शेजारी मिलिंद. काहीही झालं नाही! सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडली. व्यवस्थित. लच्छूशेठ म्हणाला, "तेरे घर का करंट खराब है."

घरी आणून लावला. फाइल उघडताक्षणी चौकट आली. रॅम आता दुप्पट होती.

आई शेजारी येऊन बसली. "तुझे बाबा पण पाळीवर असतानाच गेले," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "हे लग्न नको करूया."

"आई, तू असं बोलतेस? तू?"

"मला काय हौस आहे? लाज वाटते मला बोलायची. पण पोरगी माझी आहे."

"मी बाहेर दुसऱ्याकडे टाईप करून आणतो."

"बाहेर होईल रे. आपल्या घरात होत नाही ना!"

मी घरातला शिकलेला माणूस. काहीतरी तांत्रिक कारण ठोकून देता आलं असतं. पण खोटं बोलवेना. मी म्हटलं, "आई, कारण मला सापडलेलं नाही."

इतका वेळ सुजाता दारात उभी राहून ऐकत होती. ती बालवाडीत शिकवायची, आवाज एकदम शिक्षिकेचा. "दादा, नाव सोडून बाकी सगळं छापतं ना तुझं मशीन?"

"छापतं."

"मग तेवढी जागा मोकळी सोड. नाव मी लिहिते."

"सगळ्या पत्रिकांवर?"

"लग्न मी करणार आहे, मशीन नाही. आई, मी माझ्या हाताने लिहिलं तर चालेल ना आपल्या घरात?"

आई उठली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "अक्षर नीट काढ. सोनिवलीची माणसं बघतील."

मी मोकळी जागा सोडून ट्रेसिंग काढला. एकदाही मेसेज आला नाही. पत्रिका छापून आल्यावर सुजाता बालवाडी सुटली की खिडकीपाशी बसायची आणि निळ्या शाईने एकेका पत्रिकेवर नाव लिहायची. ज्या वस्तीत बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नव्हत्या तिथे हे म्हणजे... आमची आत्या पत्रिका हातात घेऊन म्हणाली, "काय गं, नवरा ऐन वेळी मिळाला वाटतं!" सुजाता म्हणाली, "हो आत्या, ट्रायलवर घेतलाय." लग्न चांगलं झालं.

त्यानंतर काही दिवसांनी मला राहवेना. दुपारी घरी कोणी नव्हतं. मी ती फाइल उघडली आणि मोकळ्या जागेत 'मिलिंद' टाईप केलं. बसलं. सेव्ह झालं. प्रिंटही निघाली. मधल्या काळात मी एकही सेटिंग बदललेलं नव्हतं.

सुजाता माहेरी आली तेव्हा तिला ती प्रिंट दाखवली. ती म्हणाली, "आता काय उपयोग? पत्रिका वाटून झाल्या," आणि चहा टाकायला आत गेली.

पुढे मी कॉम्प्युटरच्याच क्षेत्रात आलो. अनेक जाणकारांना विचारलं. कोणी खराब सेक्टर म्हणालं, कोणी फाँटमधला दोष, कोणी घरातलं व्होल्टेज. प्रत्येकाच्या उत्तरात काहीतरी एक उरतंच. आणि अपशकुन म्हणावा तर मिलिंदला आजवर साधं खरचटलेलंही नाही. केस गेले, पोट सुटलं, अजून त्याच कंपनीत आहे. आई शेवटपर्यंत त्याच्याच हातचं पाणी मागायची.

मग तो मेसेज कशाचा होता? मला खरंच माहीत नाही. मी असलं मानत नाही, आजही नाही. पण सुजाताचा फोन आला की बाकीचं बोलणं होण्याआधी माझ्या तोंडून तेच निघतं – "मिलिंदची आज कुठली पाळी आहे?"