अझोव्हकाठची बिचकी

मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो रशियात, आणि त्याच दिवशी त्यातले मासेही खाल्ले. त्याआधी माझ्या ओळखीचं मोठं पाणी म्हणजे भंडाऱ्याकडच्या आमच्या गावचा तलाव. आमचं घर धानाच्या शेतीचं. भिलाईला कारखाना उभा राहतोय, हातात थोडं शिक्षण असलेल्या पोरांना घेतायत, असं कळलं तसा मी तिकडे गेलो आणि पुढच्या वर्षी मायलाही कारखान्याजवळच्या खुर्सीपारच्या झोपडीत घेऊन आलो. तेव्हा सगळीकडे खणलेली लाल माती, लोखंडी सांगाडे आणि धूळ. पोलादाच्या भट्टीचा अजून नुसता पाया होता. ती पेटेल तेव्हा तिच्यापुढे उभं राहायला माणसं तयार हवीत म्हणून आमच्यातल्या काहींना निवडून रशियन शिकवायला बसवलं आणि मग दिल्लीहून विमानात घातलं.

निघताना मायनं दोन गोष्टी वदवून घेतल्या. गाईचं मांस नाही आणि दारू नाही. "पोटात काय जाऊन राह्यलं ते पाहूनच खाजो," ती म्हणाली. मी हो म्हणालो. सोपं वाटलं होतं.

आमची रवानगी अझोव्ह समुद्राजवळच्या एका पोलादाच्या शहरात झाली. माझ्या खोलीत दुर्गचा एक जोडीदार होता, रेल्वेतल्या गार्डाचा मुलगा, घर मूळ नागपूरचं. तो पक्का शाकाहारी. रशियनच्या वर्गात त्याचा नंबर पहिला असायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये पहिल्या दिवशी समोर तपकिरी रश्श्यात तुकडे आले. ते कशाचे हे मला विचारता येईना, म्हणून मी त्याला विचारायला लावलं. त्यानं वाढणाऱ्या बाईला शुद्ध व्याकरणात विचारलं. ती म्हणाली, आज गाय, काल डुक्कर, उद्याचं उद्या बघू. त्यानंतर मीही त्याच्यासोबत ब्रेड, लोणी, उकडलेला बटाटा आणि कोबीवर आलो. त्याला त्याची सवय होती. मला नव्हती. सहा आठवड्यांत माझी पँट कमरेवर राहीना आणि मी तिला सुतळी बांधून हिंडू लागलो.

हे आमच्या उस्तादानं पाहिलं. उस्ताद म्हणजे भट्टीवरचा फोरमन, पन्नाशीचा, बोलणं कमी आणि आवाज मोठा. एका शनिवारी फावडं मारता मारता मला घेरी आली आणि मी वाळूच्या ढिगावर बसलो. त्यानं मला बाहेर वाऱ्यावर नेलं, पाणी पाजलं आणि विचारलं, तू खातोस काय? मी सांगितलं. कारणही हातवारे करत सांगितलं.

"माझ्या भट्टीवर तू वाळून गेलास तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, मासा चालतो का? मी म्हटलं, चालतो म्हणजे काय, आम्ही तलावाकाठची माणसं. शिवाय मासा ताटात आला की मासाच दिसतो. डोकं असतं, शेपूट असते, त्यात फसगत होत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उस्ताद मला ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथून आम्ही उतारावरून चालत खाली गेलो. समुद्र म्हणजे निळाशार काहीतरी असणार अशी माझी कल्पना. हा निघाला मातकट, हिरवट, आमच्या तलावासारखाच. माणसं पार आत चालत गेली होती तरी पाणी त्यांच्या कमरेपर्यंतच होतं. फक्त पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी खूप वेळ तो शोधत होतो.

वाळू संपते तिथं फळ्यांची एक खानावळ होती. वर पत्रा, फळ्यांना निळा रंग, पाच-सहा टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर सुटीवरचे कोळी नाहीतर कारखान्यातली माणसं. चालवणारी बाई साठीच्या आत-बाहेरची, डोक्याला पांढरा रुमाल, दंड पैलवानासारखे. उस्तादानं तिच्याशी काहीतरी बोलून घेतलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर सुतळीपाशी थांबली, आणि ती आत गेली.

आधी आली बिचकी. बोटभर ते वीतभर मासे, डोकं अंगाला न शोभणारं मोठं, तोंड रुंद, चेहरा रागावलेला. पिठात घोळवून सूर्यफुलाच्या तेलात कडक तळलेले. आमच्याकडे मासे जवसाच्या तेलात, त्यामुळे वास अनोळखी होता, पण पहिला घास मोडला आणि मी वास विसरलो. गोडसर पांढरं मांस, वरून कुरकुरीत कातडी. मी एक संपवला, दुसरा संपवला. डोकी बाजूला ठेवायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी गावच्या पद्धतीनं ती चावून चोखून खात होतो. मान वर केली तर शेजारच्या टेबलावरचे कोळी माझ्याकडे पाहत होते आणि बाई दुसरी थाळी घेऊन उभी होती.

चव उत्तम, पण तिखटाचा पत्ता नव्हता. सहा आठवडे जिभेला मिरची लागली नव्हती. मिरचीला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मला येणारी रशियन सगळी भट्टीची होती. झडप, वायू, राख, मळी, नमुना, ताप. मी जिभेकडे बोट दाखवून म्हटलं, ताप वाढवा. बाईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन एका बशीत पांढरा कीस आणला आणि माशावर चमचाभर घातला. मुळ्यासारख्या कुठल्याशा कंदाचा कीस होता तो. मी सगळा एका घासात घेतला.

तो जिभेला नाही, सरळ नाकातून टाळूला गेला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, श्वास थांबला. उस्ताद उठून माझ्या पाठीवर मारू लागला, बाई पाण्याचा ग्लास घेऊन धावली. आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. मी हातानं त्यांना थांबवलं आणि भट्टीवर दर अर्ध्या तासाला म्हणायचो तेच वाक्य म्हणालो.

"ताप बरोबर आहे. वाढवू नका, कमी करू नका."

बाईनं ग्लास टेबलावर ठेवला. कंबरेवर हात ठेवले.

"किती डिग्री?" तिनं विचारलं.

मी बावरून म्हणालो, "सोळाशे."

ती जी हसायला लागली, ती खाली बसूनच राहिली. मग उस्तादानं मला सांगितलं. युद्धात कारखान्याची माणसं दूर पूर्वेकडे हलवली, पुरुष लढाईवर गेले, तेव्हा या बाईनं तिकडे चार वर्षं भट्टीपुढे फावडं चालवलं होतं. नवरा परतला नाही. ती परतली आणि समुद्राकाठी ही खानावळ काढली. तिच्या खानावळीत कोणी भट्टीच्या भाषेत जेवण मागेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्यानंतर आमचं चांगलं जमलं. तिनं माशाचं सार आणलं, त्याला ते उखा म्हणतात. मोठ्या माशाचे तुकडे, बटाटा, कांदा, वर सोनेरी तेलाचे थेंब. पहिला चमचा तोंडापाशी नेतोय तोच उस्ताद कौतुकानं म्हणाला की हिच्या उख्याची चव वेगळी, कारण ही उकळत्या सारात वोडकाचा पेला ओतते. माझा चमचा खाली आला. मी बाईला विचारलं, ती दारू आत आहे की वायू होऊन गेली? तिनं हा प्रश्न अगदी गंभीरपणे ऐकला.

"सगळी वायू झाली," ती म्हणाली. "चिमणीतून गेली. नमुना घेऊन बघ."

मी नमुना घेतला. मग दोन वाडगे संपवले.

पुढचे चार महिने मी एकही रविवार चुकवला नाही. जोडीदारही यायचा. त्याच्यासाठी ती बटाटे वेगळ्या कढईत तळायची, आणि कढई वेगळी आहे हे त्याला दर वेळी आणून दाखवायची. मला तिथं विटांच्या चुलीसाठी लाकडं फोडायची सवय लागली. पँटची सुतळी सुटली, पुढे बटणही लागेना. निघायच्या आठवड्यात तिनं वर्तमानपत्रात बांधलेलं एक जड पुडकं माझ्या हातात दिलं. आत खारवून वाळवलेले मासे होते, अख्खे, लाकडासारखे कडक. तिकडे ते तसेच सोलून बियरबरोबर चघळतात. हे आईसाठी, ती म्हणाली.

खुर्सीपारला पुडकं उघडलं तर शेजारच्या तीन झोपड्यांतून माणसं आली. मायनं एक मासा उचलून नाकाशी धरला.

"हे त आपली सुकटच हाय ना रे. कावून येवढं मीठ घातलं पण?"

तिनं मासे रात्रभर भिजत घातले, तीन पाण्यांनी धुतले आणि सुपेल्याच्या बाजारातून वांगी आणि हिरव्या मिरच्या आणून त्यांचा असा रस्सा केला की वाटीवाटीनं गल्लीत वाटावा लागला. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं, उख्यातल्या पेल्यासकट. तिनं वाढणं थांबवलं. चिमणीतून गेली म्हणालो तेव्हा म्हणाली, भट्टीवर राहिलेली बाई खोटं कशाला सांगेल. मग त्या बाईच्या नवऱ्याबद्दल विचारत राहिली. तिला आता कोण आहे, दिवसभर उभी राहते तर पाय दुखत असतील, असलं सगळं.

मी बाईला पत्र लिहिलं, म्हणजे जोडीदाराकडून लिहवून घेतलं. दोन-तीन महिन्यांनी उत्तर आलं. उस्तादाला खोकला आहे, बिचकी यंदा भरपूर आहेत, आणि तुझ्या आईनं त्या वाळक्या माशांचं काय केलं ते नीट कळव.

त्या रविवारी माय चुलीपाशी बसून कृती सांगत होती आणि जोडीदार दारात पाटावर वही घेऊन रशियनमध्ये उतरवत होता. माय मीठ-तिखटाचं माप चिमटीनं दाखवायची, तो ते ग्रॅममध्ये मागायचा. वांग्याचा शब्द त्याला आठवला, सुकटीचा नाही. त्यात मायनं उरलेले दोन मासे त्याला समजावं म्हणून त्याच्यासमोर आणून धरले. त्यानं रुमाल नाकाला लावला.

"काकू, मी फक्त लिहून राहिलो," तो म्हणाला, "वास नाही घेऊन राहिलो."

पत्र दोन पानांचं झालं. माय म्हणाली, खाली लिही, मिरच्या सात, कमी करू नको. त्यानं ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.